रेटिंग अडतं कुठे?

फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, रेटिंगची नवी यादी दर महिन्याच्या एक तारखेला लागते. स्पर्धा खेळणारं मूल ज्या घरात आहे, तिथे त्या सकाळी आधी यादी पाहिली जाते आणि मग चहा होतो. पहिली एक-दोन वर्षं यादी आनंदच देते. पुढे आकडा 1600-1650 च्या आसपास येऊन थबकतो. क्लास चालू असतो, मोबाइलवर रोजची कोडी चालू असतात, स्पर्धाही चालू असतात. आकडा मात्र वीसने पुढे आणि तीसने मागे. ‘रेटिंग अडलंय’ हे वाक्य घरात मग रोजचं होतं.

अलिबागजवळच्या चौलहून खेळणाऱ्या मुलाला हे अडणं जास्त महागात पडतं. नऊ फेऱ्यांची क्लासिकल स्पर्धा म्हणजे चार-पाच दिवसांचा मामला. एसटीने अलिबाग, तिथून मांडवा, मांडव्याहून लाँचने गेटवे किंवा रो-रोने भाऊचा धक्का. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात आणि रस्त्याने जायचं तर वडखळ-पेण-पनवेल. सोबत आई नाहीतर बाबा, त्यांची रजा, मुंबईतला मुक्काम, शिवाय प्रवेश फी. एवढं सगळं जमवून वर्षाला तीन स्पर्धा झाल्या तरी खूप: एक मे महिन्यात, एक दिवाळीत, एक नाताळच्या आसपास. तीन नव्वे सत्तावीस डाव. मुंबई-पुण्यातलं मूल तेवढ्याच वर्षात याच्या दुप्पट-तिप्पट डाव खेळून मोकळं होतं. त्यामुळे ‘डाव कमी पडतात म्हणून रेटिंग अडलं’ असा निष्कर्ष घाईने निघतो आणि उपाय म्हणून चौथी-पाचवी स्पर्धा ठरते. खर्च वाढतो, आकडा तिथेच राहतो. म्हणून चौथ्या स्पर्धेचे पैसे भरण्याआधी या सत्तावीस डावांकडेच नीट पाहायला हवं.

आधी आकडेमोड

आजची रेटिंग पद्धत अर्पाद इलो या प्राध्यापकाची. जन्माने हंगेरियन, अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवायचे आणि स्वतः चांगले खेळाडू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या महासंघाने 1960 मध्ये आणि फिडेने 1970 मध्ये स्वीकारली. तिचा गाभा सोपा आहे: दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कोणाकडून किती गुणांची अपेक्षा आहे ते आधी ठरतं आणि अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळाले त्यावर रेटिंग हलतं. फरक 100 चा असेल तर वरच्या खेळाडूकडून डावामागे 0.64 गुणांची अपेक्षा, 200 चा असेल तर 0.76. अपेक्षेच्या वर-खाली जे काही उरेल त्याला एका गुणकाने गुणायचं. हा गुणक ज्या वर्षी खेळाडूला अठरा पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत, रेटिंग 2300 च्या खाली असेपर्यंत, 40 असतो. त्यानंतर तो 20 होतो.

समजा 1600 रेटिंगची मुलगी सरासरी 1500 च्या नऊ प्रतिस्पर्ध्यांशी खेळली. तिच्याकडून अपेक्षा 5.76 गुणांची. तिने नऊपैकी सहा केले, घरी पेढे वाटले, आणि रेटिंग वाढलं 9.6. शेवटच्या फेरीतला एक डाव हातचा गेला असता तर गुण पाच आणि रेटिंग उणे 30.4. तोच डाव राखून आधीची एक हार टाळली असती तर सात गुण आणि अधिक 49.6. स्पर्धा तीच, खेळण्याचा दर्जा जवळपास तोच, आणि निकालात 80 रेटिंगचा फरक.

नऊ डावांत एक-सव्वा गुण नुसत्या योगायोगाने इकडे-तिकडे होणं ही साधी संभाव्यता आहे. सत्तावीस डावांत ही चूकभूल दोन गुणांच्या घरात जाते, म्हणजे 80 रेटिंग. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एका लाटेकडे बघून भरती आहे की ओहोटी हे कोणी ठरवत नाही. एका स्पर्धेवरून मुलाची प्रगती ठरवणंही तसंच. वर्षाला सत्तावीस डाव खेळणाऱ्याचं रेटिंग सहा महिने हललं नाही, तर ते खरोखर अडलंय की नाही हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही.

आकडेमोडीचे आणखी काही खड्डे आहेत. 1 मार्च 2024 ला फिडेने 2000 च्या खालची सगळी रेटिंग एकदम वर उचलली. 2000 आणि स्वतःचं रेटिंग यांतल्या फरकाचे 40 टक्के प्रत्येकाला मिळाले, त्यामुळे 1200 चा खेळाडू एका रात्रीत 1520 चा झाला. सगळ्यात खालची पायरीही 1000 वरून 1400 वर गेली. आलेखात त्या महिन्यात दिसणारी उडी ही कुणाची प्रगती नाही, आणि त्या उडीनंतरची सपाट रेघ हीदेखील अधोगती नाही. अठरा पूर्ण झाल्याचं वर्ष संपलं की मुलाचा गुणक निम्मा होतो, म्हणून तोच निकाल आता निम्मंच रेटिंग देतो. दहावी-बारावीच्या वर्षात खेळ बंद राहिला तर आकडा जागेवर थांबतो, पण त्या वर्षात समोरचे शिकलेले असतात. परतल्यावरच्या पहिल्या दोन स्पर्धा म्हणूनच जड जातात.

सर्वात मोठा खड्डा समोर बसलेल्या लहान मुलांचा. 1450 रेटिंगचा दहा वर्षांचा मुलगा वर्षभर ऑनलाइन खेळून 1650 च्या ताकदीचा झालेला असतो. अधिकृत डाव कमी खेळल्याने ते यादीत उतरलेलं नसतं. त्याच्याशी 1650 च्या खेळाडूने जिंकलं तर 9.6 मिळतात, बरोबरी झाली तर 10.4 जातात आणि हार झाली तर 30.4. चौलच्या पोराला अशा मुलांचा राग येतो. पण तीनच स्पर्धा खेळून आलेलं हे पोर मुंबईच्या खेळाडूच्या समोर बसतं तेव्हा त्याच्या लेखी तेही असंच ‘अंडररेटेड’ असतं.

अडणं खरं असतं तेव्हा

हिशेब सगळा जुळवूनही वर्ष-दीड वर्ष खेळ तिथेच असेल, तर अडणं खरं मानावं. शिकणं मध्येच थांबतं याचा पहिला नीट अभ्यास बुद्धिबळात झाला नव्हता, तो तारखात्यातला. 1897 आणि 1899 मध्ये ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी तार शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्यामागून आठवडे मोजली. तार पाठवण्याचा वेग सरळ वाढत गेला. तार ऐकून उतरवण्याचा वेग मात्र बऱ्याच जणांचा मध्येच आठवडे न् आठवडे अडला आणि मग अचानक वर गेला. अडलेल्या काळात शिकणाऱ्याला अक्षरं सुटी-सुटी ऐकू येत होती. अख्खा शब्द एका दमात ऐकू येऊ लागला तेव्हा वेग सुटला.

बुद्धिबळात ही ‘अख्खे शब्द’ ऐकण्याची गोष्ट 1973 मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवली. प्रत्यक्ष डावातली, पंचवीसएक मोहरे असलेली स्थिती पाच सेकंद दाखवून ती रिकाम्या पटावर पुन्हा मांडायला सांगितली. मास्टरने सोळाच्या आसपास मोहरे बरोबर ठेवले, नवशिक्याने चार. तेच मोहरे वाटेल तसे विखरून दाखवले, तेव्हा मास्टरची आघाडी जवळपास नाहीशी झाली. मास्टरची स्मरणशक्ती इतरांसारखीच होती. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि एफ3 वरचा घोडा ही सगळी मिळून त्याला एकच वस्तू दिसत होती.

म्हणजे 1650 वर अडलेल्या मुलाला नव्या वस्तू दिसायला हव्यात. त्यासाठी नुसते तास वाढवून भागत नाही. चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात ग्रँडमास्टरांनी गंभीर खेळाच्या पहिल्या दहा वर्षांत एकट्याने बसून केलेला अभ्यास सुमारे 5 हजार तासांचा निघाला, मध्यम खेळाडूंच्या जवळपास पाचपट. आणि स्पर्धेत खेळलेल्या तासांपेक्षा या एकट्याच्या अभ्यासाचा खेळाच्या दर्जाशी जास्त संबंध दिसला. पण अर्जेंटिनातल्या खेळाडूंवरच्या 2007 च्या अभ्यासात गोबे आणि कँपिटेली यांना आढळलं, की मास्टरच्या पातळीला कुणी 3 हजार तासांत पोचला आणि कुणाला 23 हजारांहून जास्त लागले. म्हणजे तासांइतकंच त्या तासांत काय केलं हेही बघायला हवं. आणि एकट्याने बसायला चौलची वाडी मुंबईच्या खोलीपेक्षा वाईट नाही.

सत्तावीस कागद

एकट्याने बसून वाचायचं काय, तर स्वतःच्या स्कोअरशीट. 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंद अशा स्पर्धेत शेवटच्या चालीपर्यंत नोंद सक्तीची असते, त्यामुळे अख्खा डाव कागदावर येतो. घड्याळात किती वेळ उरला आहे ते चालीशेजारी लिहायलाही नियमाची परवानगी आहे. बहुतेक मुलं ते लिहीत नाहीत. दर पाच चालींनी तेवढे दोन आकडे लिहिले, तर घरी आल्यावर कागद बराच बोलका होतो.

पहिलं वाचन इंजिनाशिवाय, म्हणजे संगणकाच्या मदतीशिवाय. स्टॉकफिशसारखं इंजिन लावलं की पडद्यावर आकडा येतो, चूक लाल होते आणि मूल ‘हां, इथे घोडा हँग झाला’ म्हणून पुढे जातं. घोडा का हँग झाला, त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं, हे इंजिनाला ठाऊक नसतं. डिसेंबर 2024 मध्ये विश्वविजेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी रेटिंग 2500 च्या घरात जाईपर्यंत इंजिनापासून दूर ठेवलं होतं, ते याच विचाराने. म्हणून आधी हाताने लिहायचं: इथे मला काय वाटलं, कोणत्या चाली पाहिल्या, कुठे घाबरलो. मग इंजिन.

हरलेल्या आणि हातचा विजय निसटलेल्या प्रत्येक डावातली पहिली मोठी चूक निवडायची आणि ती कोणत्या घरातली ते ठरवायचं. समोरच्याची धमकी दिसलीच नाही. दिसली, पण हिशेब चुकला. स्थिती माहीतच नव्हती. काय करायचं सुचेना म्हणून प्यादं ढकललं. वेळ संपत आला. जिंकलोच असं वाटून सैल पडलो, किंवा घाबरलो. वहीत सहा रकाने पुरतात. शेजारी फेरी सकाळची की संध्याकाळची, तेही लिहावं. दिवसाला दोन फेऱ्या असल्या की काही मुलांच्या निम्म्या चुका संध्याकाळच्या निघतात, आणि तिथे उपाय ओपनिंगचा नसतो, दुपारच्या जेवणाचा आणि झोपेचा असतो.

सत्तावीस डावांतून अशा पंधरा-वीस चुका हाताशी येतात. रेटिंग मोजायला सत्तावीस हा आकडा तोकडा आहे, पण चुकांचा कल दिसायला तो पुरतो. पंधरांतल्या आठ चुका एकाच रकान्यात पडल्या तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

रकाना सापडल्यावर

धमकी न दिसण्याच्या चुकीवर जुना उपाय रशियन मास्टर ब्लुमेनफेल्डचा: चाल मनात ठरली की आधी कागदावर लिहायची, मग क्षणभर नवख्याच्या नजरेने पट पाहायचा आणि मगच मोहरा उचलायचा. आजच्या नियमांत चाल आधी लिहिणं मना आहे. तेव्हा हात मांडीखाली ठेवून ‘याने आत्ता का हलवलं?’ एवढा प्रश्न प्रत्येक चालीला विचारायची सवय लावावी लागते. कोड्यांनी ही सवय लागत नाही, कारण कोड्यात काहीतरी दडलंय हे आधीच सांगितलेलं असतं. डावात ते कोणी सांगत नाही.

हिशेब चुकण्यावर मात्र कोडीच हवीत, पण रोज नवी नकोत. स्वीडनचा हान्स टिकानेन वर्षानुवर्षं इंटरनॅशनल मास्टरवर अडला होता. त्याने कोड्यांचा एक ठरावीक संच घेतला, तो सोडवला, मग तोच कमी दिवसांत, मग आणखी कमी दिवसांत. 2010 च्या उन्हाळ्यात सात आठवड्यांत त्याला ग्रँडमास्टर किताबाला लागणारे तिन्ही नॉर्म मिळाले. तार शिकणाऱ्यांना शब्द ऐकू येऊ लागले, त्यातलाच हा प्रकार.

‘माहीतच नव्हतं’ हा रकाना सगळ्यात स्वस्तात रिकामा होतो. एक उदाहरण घेऊ. हत्ती आणि प्यादं विरुद्ध नुसता हत्ती. पांढऱ्याचा राजा डी5 वर, प्यादं ई5 वर, हत्ती एच7 वर. काळ्याचा राजा ई8 वर, हत्ती ए6 वर. 1600 ची मुलं इथे काळ्याकडून घाईने शह देत सुटतात आणि हरतात. करायचं एवढंच: हत्ती सहाव्या आडव्या रांगेवरच डावी-उजवीकडे हलवत राहायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला त्या रांगेत पाऊल टाकता येत नाही. कंटाळून पांढरा प्यादं ई6 वर ढकलतो. त्या क्षणी राजाची लपायची जागा प्याद्याने अडवलेली असते. मग हत्ती थेट ए1 वर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. डाव बरोबरीत. फ्रान्सच्या फिलिदोरने हे 1777 मध्ये लिहून ठेवलं. शिकायला पंधरा मिनिटं लागतात, आणि चाळीसच्या गुणकात तो अर्धा गुण 20 रेटिंगचा असतो.

पणाला काय लावायचं

सैल पडणं आणि घाबरणं हा रकाना मात्र चिवट. त्याची मुळं पटाबाहेर, पणाला काय लावलंय त्यात असतात.

चौलचा आणि बुद्धिबळाचा संबंध तसा हजार वर्षांहून जुना. बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17 च्या सुमारास, इथे आला. अरब चौलला सैमूर म्हणत, आणि राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ तेव्हा इथे राज्य करत होता. हिंदुस्थानात हस्तिदंताचा मोठा खप बुद्धिबळाच्या आणि नर्द या फाशांच्या खेळाच्या सोंगट्यांसाठी होतो, असं मसूदीने आपल्या ‘मुरूज अल-धहब’ या ग्रंथात लिहिलं आहे. माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकाराचे मोहरे वीतभर किंवा त्याहून मोठे. ते एका घरातून दुसऱ्या घरात न्यायला माणूस उभा असे. पुढचा तपशील अंगावर येणारा आहे. खेळणारे पैज लावत. कपडे आणि जडजवाहीर हरून झालं की काही जण आपली बोटं पणाला लावत. शेजारी निखाऱ्यावर लालसर मलम उकळत ठेवलेलं असे. हरलेला बोट कापून जखम त्यात बुडवी आणि पुन्हा खेळायला बसे.

आज पणाला रेटिंग असतं, आणि ते जपायच्या नादात मुलं खेळणंच सोडून देतात. खालच्या रेटिंगचा लहान मुलगा समोर आला की पंधराव्या चालीला बरोबरी मागायची. पहिल्या तीन फेऱ्यांत दोन हारी झाल्या की तब्येतीचं कारण सांगून स्पर्धा सोडायची. लहान मुलं भरपूर येणाऱ्या स्पर्धेला जायचंच नाही. याने 10-20 रेटिंग तेवढं वाचतं आणि अवघड डाव हातचे जातात. चौलच्या मुलाला वर्षाला सत्तावीसच मिळतात. त्यातले सहा असे पंधरा चालींत संपवले, तर वाचायला कागद उरतो एकवीसचाच. घरच्यांनी फेरी संपल्यावर ‘किती गुण झाले?’ ऐवजी ‘कुठे अडलास रे?’ एवढं विचारलं तरी ही भीती बरीच उतरते.

वरच्याशी खेळल्याने काय होतं याचं मराठी उदाहरण मुंबईच्या खाडिलकर बहिणींतल्या एकीचं. रोहिणी खाडिलकर 1976 मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यांच्या सहभागावरून गदारोळ झाला. प्रकरण फिडेपर्यंत गेलं आणि तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी महिलांना खुल्या स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही असा निर्वाळा दिला. महिलांच्या गटात विजेतेपद हाती असताना रोहिणींनी हरण्याची शक्यता जास्त असलेली जागा निवडली होती. पुढे 1981 मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने पिढ्यान् पिढ्या हेच केलं: गावातच वरच्या ताकदीचे खेळाडू समोर बसतील अशी सोय. चौलला ती सोय आज इंटरनेटवरून करता येते, फक्त तीन मिनिटांच्या ब्लिट्झऐवजी आठवड्यातून एकदा दीड तासाचा एकच डाव आपल्यापेक्षा 200 ने वरच्या माणसाशी ठरवून खेळावा, आणि त्याचीही स्कोअरशीट लिहावी.

किती काळ?

अडणं वरच्या पातळीवरही असतं आणि लांबतंही. प्रवीण ठिपसे ऐंशीच्या दशकातच भारताच्या अव्वल खेळाडूंत होते, 1985 मध्ये राष्ट्रकुल विजेते झाले. ग्रँडमास्टर किताब आला 1997 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर. भारताचे ते तिसरे ग्रँडमास्टर. नाशिकचा विदित गुजराथी 2013 मध्ये ग्रँडमास्टर झाला, मग काही वर्षं 2700 च्या अलीकडे-पलीकडे होता, आणि 2023 मध्ये ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्समध्ये पोचला. नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये बातुमीच्या महिला विश्वचषकात उतरली तेव्हा तिला पंधरावं मानांकन होतं आणि ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून ती विजेती झाली आणि नॉर्मशिवाय थेट ग्रँडमास्टर, भारताची 88 वी. यादीतला आकडा ताकदीच्या मागून येतो, आणि कधी किती मागून येईल याचा नेम नसतो.

तेव्हा मे महिन्यातल्या स्पर्धेची तयारी जानेवारीत सुरू करायची असेल, तर पहिला आठवडा कोणत्याही ओपनिंगला देऊ नये. गेल्या वर्षाच्या सत्तावीस स्कोअरशीट काढाव्यात, सहा रकाने आखावेत, आणि जो रकाना सर्वात जास्त भरेल तेवढाच पुढचे तीन महिने हातात घ्यावा. मे महिन्यात मोजायचं तेही तेच: गेल्या वर्षी नऊ डावांत ही चूक तीनदा झाली होती, या वेळी किती वेळा झाली. ती एकदाच झाली असेल तर रेटिंग 30 ने उतरलं तरी मूल पुढे गेलेलं आहे, आणि तो आकडा पुढच्या एखाद्या एक तारखेला आपोआप दुरुस्त होतो.